दावणीच्या गोठ्यात दुधाची पाइपलाइन: उतार आधी, मशीन नंतर

बकेट मशीन घेऊन दोन-तीन वर्षं झाली, दावणीला दहाच्या वीस-पंचवीस गाई झाल्या, की हा विषय घरात निघतोच. दर गाईमागे भरलेली बादली उचलायची, गोठ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची, गाळून कॅनमध्ये ओतायची, आणि हे दिवसातून दोन्ही वेळा. कंबर धरते, गडी टिकत नाही, दूध उघड्यावर राहतं. मग एखाद्या कृषी प्रदर्शनात चकचकीत स्टीलचा पाइप दिसतो आणि कोटेशन मागवलं जातं. संगमनेर-राहुरीपासून फलटण-इंदापूरपर्यंत संकरित गाईंचे जे गोठे वाढत गेले, त्यांतले बरेच जण आज याच टप्प्यावर आहेत.

कोटेशनमध्ये पंपाची हॉर्सपॉवर असते, युनिटांची संख्या असते, कंपनीचं नाव ठळक असतं. पाइपाचा उतार किती, तो कुठून कुठे, सर्वांत उंच टोक कुठे येणार, हे बहुतेक वेळा नसतं. खरं तर पाइपलाइन चालणार की डोकेदुखी होणार, हे त्यावरच ठरतं. व्हॅक्यूम दुधाला ओढत ओढत खोलीपर्यंत नेतो असा सगळ्यांचा समज असतो. तसं होत नाही. व्हॅक्यूम दुधाला सडापासून पाइपापर्यंत वर उचलतो, तिथे त्याचं काम संपतं. पुढे दूध दंडातल्या पाण्यासारखं निव्वळ उताराने, पाइपाच्या तळाने वाहतं आणि वरच्या मोकळ्या अर्ध्या भागातून हवा फिरते. ही वरची मोकळी जागा सदैव मोकळी राहिली पाहिजे. पाइप एखाद्या ठिकाणी दुधाने गच्च भरला, की हवेची वाट तुटते, मागच्या गाईंच्या सडांवरचा व्हॅक्यूम झटक्याने खाली-वर होतो, कप निसटतात आणि दुधाचे शिंतोडे उलटे सडाच्या तोंडावर आपटतात. एका सडातले जंतू दुसऱ्या सडात जायला एवढं पुरतं. पुढचा सगळा हिशोब ही एक गोष्ट सांभाळण्यासाठीच आहे.

मुळात हवी का?

दुभत्या गाई पंधराच्या आत असतील तर पाइपलाइनच्या नादी लागू नका. त्या आकारात बकेट किंवा दोन युनिटांची ट्रॉली पुरते, आणि धुवायचं सामानही आटोक्यात राहतं. पाइपलाइनमध्ये दूध काढायचा वेळ वाचतो, पण धुण्याचा खर्च गाई दहा असोत की तीस, जवळपास तेवढाच येतो. पंधरा ते वीसच्या मधे असाल आणि वाढायचा विचार असेल, तर आत्ता बकेट मशीनच ठेवा, पण हवेची लाइन टाकताना ती पुढे पाइपलाइनला चालेल अशा मापाची टाका. अर्ध्या इंचाचा पाइप भिंतीला ठोकून नंतर उखडण्यात पैसे जातात.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची. चार-पाच वर्षांत मुक्तसंचार गोठ्याकडे जायचं मनात असेल, तर दावणीवरची पाइपलाइन करूच नका. मुक्तसंचारात गाई धारेच्या जागी येतात, मशीन गाईकडे जात नाही. तेव्हा तिथे छोटा पार्लर लागेल आणि गोठाभर फिरवलेला स्टीलचा पाइप भंगारात जाईल. ज्याला दावणच कायम ठेवायची आहे, म्हणजे जागा कमी आहे किंवा प्रत्येक गाईला हाताखाली ठेवायचं आहे, त्याच्यासाठी पुढचं सगळं.

म्हशींचा गोठा असेल तर आणखी सावध राहा. म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट, पान्हा उशिरा, आणि कासेचा आकार वेगळा. गाईंसाठी लावलेली मापं तिला तशीच चालत नाहीत. आधी बकेट मशीनवर म्हशी नीट सरावल्या आहेत का ते पाहा, मग पाइपाचं बोला.

गोठा कागदावर उतरवा

एका मोठ्या कागदावर गोठा मापात काढा. आपल्याकडे दोन रांगांचे गोठे दोन तऱ्हांचे असतात. तोंडाला तोंड: मधे गव्हाणी आणि वैरणीची वाट, ट्रॅक्टर किंवा कुट्टीची गाडी मधून जाते. शेपटीला शेपटी: मधे शेणाची आणि माणसाच्या वावराची वाट, गव्हाणी दोन्ही बाजूच्या भिंतींकडे. धार काढणाऱ्याच्या पायांना दुसरी तऱ्हा परवडते, कारण मधल्या एकाच वाटेवरून दोन्ही रांगा सांभाळता येतात. पण वैरण टाकणाऱ्याला पहिली परवडते, आणि आपले बहुतेक गोठे तिच्याच सोयीने बांधलेले आहेत. बांधलेला गोठा पाइपासाठी फिरवू नका. तोंडाला तोंड गोठ्यात धार काढणारा गोठ्याला बाहेरून वळसा घालून दुसऱ्या रांगेकडे जातो, एवढीच अडचण. तिथे आधी एक रांग पूर्ण करून मग दुसरी घ्यायची.

दुधाचा पाइप दोन्ही तऱ्हांत गाईच्या डोक्याच्या बाजूने, गव्हाणीच्या वर जातो. दर दोन गाईंच्या मधे एक तोटी. त्या एका तोटीवर डावीकडची आणि उजवीकडची अशा दोन्ही गाईंचं काम होतं. म्हणजे २४ गाईंना १२ तोट्या पुरतात. तोटी पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात बसलेली हवी. खाली किंवा अगदी कडेला बसवली, तर येणारं दूध तळातल्या वाहत्या दुधावर आदळतं आणि पाइप भरून जातो. दुधाच्या पाइपाला समांतर पल्सेटरसाठी हवेची लाइन जाते. तिलाही प्रत्येक तोटीजवळ जोड हवा.

आता दुधाची खोली कुठे? बहुतेक जण मोकळी जागा असेल तिथे करतात. माझं मत असं, की गोठ्याचा कोबा ज्या बाजूला उतरतो, त्या टोकाला खोली करा. कोब्याचा उतार आणि पाइपाचा उतार एकाच दिशेला असला, की गाईपासून पाइपाची उंची पहिल्या गव्हाणीपासून शेवटच्या गव्हाणीपर्यंत फारशी बदलत नाही. उलट केलं, तर एका टोकाला पाइप गाईच्या डोक्याला लागतो आणि दुसऱ्या टोकाला हात पोचत नाही. शेणखड्डा मात्र त्या बाजूला नको, आणि दुधाची गाडी थेट खोलीच्या दारापर्यंत यायला हवी.

उतार: इथे घाई करू नका

दोन रांगांना पाइप लूपमध्ये फिरवतात. खोलीतल्या रिसीव्हरपासून, म्हणजे दूध जमा होतं त्या बंद भांड्यापासून, निघून एका रांगेवरून जायचं, लांबच्या टोकाला आडवं ओलांडायचं, दुसऱ्या रांगेवरून परत रिसीव्हरला यायचं. लांबच्या टोकाच्या मध्यावर सर्वांत उंच बिंदू, आणि तिथून दोन्ही बाजूंनी उतार रिसीव्हरकडे. दूध दोन हातांनी खाली येतं, हवा दोन्हीकडून फिरते.

उतार मीटरला एक सेंटिमीटर धरा. आता २४ गाईंच्या गोठ्याचा हिशोब मांडू. एका रांगेत १२ गाई, गाईला सव्वा मीटरच्या आत, साधारण १.२ मीटर रुंदी, म्हणजे रांग १४.४ मीटर. दोन रांगा, मधलं आडवं अंतर आणि खोलीपर्यंतचे दोन तुकडे धरून पूर्ण लूप ४४ ते ४५ मीटर होतो. एका बाजूचा उतार त्याच्या निम्मा, २२ मीटर. म्हणजे उंच बिंदू आणि रिसीव्हरचं तोंड यांत २२ सेंटिमीटरचा फरक हवा. कोबा सपाट धरून उंच बिंदू गाईच्या पायाखालच्या कोब्यापासून १.९५ मीटरवर ठेवला, तर रिसीव्हरपाशी पाइप १.७३ मीटरवर येतो. दोन मीटरच्या वर पाइप नेऊ नका, कारण दूध जितकं वर उचलायचं तितका सडावरचा व्हॅक्यूम खर्च होतो. दुधाचा एक मीटर उंच भरीव स्तंभ धरला तर तो जवळपास १० किलोपास्कल खातो. क्लॉच्या बारीक छिद्रातून हवा शिरत असल्यामुळे नळीतलं दूध तुटक तुटक चढतं आणि प्रत्यक्ष तोटा बराच कमी होतो. म्हणून ते छिद्र रोज पाहायचं. मशीन नीट ओढत नाही अशी तक्रार आली आणि ते छिद्र वाळल्या दुधाने बुजलेलं निघालं, असं पुष्कळदा घडतं.

हा उतार कोब्यावरून मोजून खुणा करू नका, कारण कोबा कधीच सरळ नसतो. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घ्या. रिसीव्हरपाशी पहिली खूण करा, नळीने तीच पातळी प्रत्येक खांबावर उतरवा, आणि मग त्या पातळीपासून दर मीटरला एक सेंटिमीटर वर चढत खुणा करा. ब्रॅकेट या खुणांवर बसतील, डोळ्यांच्या अंदाजावर नाही. आधार दर आठ-दहा फुटांवर हवेत आणि ते खांबाला किंवा लोखंडी चौकटीला पक्के हवेत. गाईंच्या मोरक्या ज्या नळीला बांधल्या आहेत, तिलाच दुधाचा पाइप टांगला, तर गाईने झटका दिला की उतार गेलाच. दोन आधारांच्या मधे पाइपाने जरा जरी पोट काढलं, तिथे पाणी आणि दूध साचतं.

दाराचा प्रश्न तोंडाला तोंड गोठ्यात हमखास येतो. मधल्या वाटेने ट्रॅक्टर जाणार आणि लांबच्या टोकाला पाइप आडवा येणार. पाइप वर घेऊन कमान करा, असं फिटर सांगतो. ही कमान फक्त एकाच ठिकाणी चालते: लूपच्या सर्वांत उंच बिंदूवर. तिथे दूध ओलांडून जातच नाही, दोन्ही उतार तिथूनच सुरू होतात, त्यामुळे कमानीत काही अडकत नाही. फक्त धुताना पाणी तेवढं वर चढवावं लागेल. रांगेच्या मधे किंवा खोलीच्या दारावर कमान केली, तर तिच्या अलीकडे दूध कायम साचेल. तिथे ट्रॅक्टरची वाट बदला.

एकाच रांगेचा गोठा असेल तर लूप होत नाही. पाइप लांबच्या टोकाला बंद राहतो आणि हवा एकाच बाजूने मिळते, म्हणून युनिटं आणखी कमी ठेवायची. धुण्यासाठी त्या टोकापासून परत खोलीपर्यंत एक वेगळी नळी लागते.

व्यास, युनिटं, आणि माणसाचे हात

दोन इंची पाइपावर एका उताराला दोन युनिटं हे निर्धोक गणित. लूपला दोन उतार, म्हणजे चार युनिटं, तीही दोन्ही रांगांत वाटून. चारही एकाच रांगेला लावली, तर सगळं दूध एकाच उतारावर येतं आणि लूप करून काही मिळत नाही. गाई तीस-पस्तिसाच्या पुढे जाणार असतील आणि सहा युनिटं हवी असतील, तर अडीच इंची पाइप घ्या. सहा युनिटं आणि दोन इंची पाइप असं कोटेशन आलं, तर ते परत पाठवायचं.

पण एका माणसाला दावणीत तीन युनिटंच नीट सांभाळता येतात. चौथं लावलं की पहिल्या गाईवर मशीन रिकामं चालत राहतं. चार युनिटांना दोन माणसं नसतील, तर तीनच घ्या.

पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, आतून गुळगुळीत. जोड वेल्डिंगचे असतील तर ते आर्गॉन गॅस आतूनही सोडून केलेले हवेत, नाहीतर आतल्या बाजूला काळा खरबरीत पट्टा उरतो आणि तिथे दुधाचा थर बसतो. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचे बेंड घ्या. दुधासाठी पीव्हीसी कुठेही नाही, हवेच्या लाइनला मात्र ते चालतं.

पंप आणि हवा

पंपाची निवड हॉर्सपॉवरवर करू नका. तो ५० किलोपास्कल व्हॅक्यूमला मिनिटाला किती लिटर हवा ओढतो, ते विचारा. पाइपलाइनसाठी नेहमीचा हिशोब असा: १,००० लिटर मूळ, अधिक प्रत्येक युनिटाला ८५ लिटर. चार युनिटांना १,३४० लिटर. तेलाच्या व्हेन पंपाला यासाठी साधारण ५ एचपीची मोटार लागते. आपण पठारावर, समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच राहतो, तिथे हवा पातळ असते, तेव्हा पंप थोडा मोठाच बरा. बकेट मशीनचा जुना पंप याला जोडून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्यावर दूध निघेलही, पण पाइप धुतला जाणार नाही.

पंप वेगळ्या खोलीत, त्याचा धूर गोठ्याकडे नाही आणि दुधाच्या खोलीकडे तर मुळीच नाही. पंपापासून हवेचा टँक, तिथून सॅनिटरी ट्रॅप (दूध हवेच्या लाइनमध्ये जाऊ न देणारं भांडं), मग रिसीव्हर. रेग्युलेटर पंपाच्या उरावर बसवलेला दिसतो. तो ट्रॅपजवळ, स्वच्छ आणि कोरड्या जागी हवा, कारण त्याला रिसीव्हरपाशी काय चाललंय ते कळलं पाहिजे. पल्सेटरची लाइन तीन-चार युनिटांना दोन इंची पुरते. तिलाही उतार आणि शेवटी पाणी निघायला व्हॉल्व्ह हवा. लायनर फाटला की दूध या लाइनमध्ये शिरतं आणि तिथे कोणी पाहत नाही.

गेजवर किती ठेवायचं? पाइप गाईच्या वर असल्यामुळे रिसीव्हरपाशी ४६ ते ५० किलोपास्कल लागतो, म्हणजे ३४५ ते ३७५ मिलिमीटर पारा. भर दुधात क्लॉमध्ये ३५ ते ४२ किलोपास्कल उरला पाहिजे. इथे एक मेख आहे. गाईचं दूध ओसरलं, की नळीत उचलायला काही उरत नाही आणि गेजवरचा सगळा व्हॅक्यूम थेट सडावर येतो. म्हणून वरून जाणाऱ्या पाइपलाइनवर मशीन जास्त वेळ राहिलं तर सडाला जास्त इजा होते. मशीन काढल्या काढल्या सड पाहा. निळसर झाला असेल, वर कडेला वळ उठला असेल, तोंड कडक आणि पांढरट असेल, तर मशीन उशिरा निघतंय किंवा व्हॅक्यूम जास्त आहे. पल्सेटर मिनिटाला ६० च्या आसपास, प्रमाण ६०:४०. घड्याळ लावून मोजता येतं. लायनरमध्ये अंगठा घातला की तो आवळतो आणि सोडतो, हेही कळतं.

वीज

शेतातल्या वस्तीवर थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, आणि गाईंना पाळी कळत नाही. जनरेटरशिवाय पाइपलाइन करू नका. मोटार चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, शिवाय रिसीव्हरमधलं दूध बाहेर काढणारा मिल्क पंप आणि कूलरही त्याच वेळी चालू असतात, म्हणून जनरेटर इलेक्ट्रिशियनकडून मापून घ्या. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा व्हॅक्यूम पंप हाही चांगला तोडगा आहे. काहीच नाही जमलं, तर बकेटचा एक जुना संच आणि छोटं इंजिन विकू नका.

अर्थिंग टाळाटाळीने होतं आणि नंतर भोवतं. स्टीलचा पाइप, दावणीच्या नळ्या, पाण्याची भांडी हे सगळं एकमेकांना आणि अर्थला जोडलेलं हवं. माणसाला जाणवणार नाही असा व्होल्ट-दोन व्होल्टचा झटकाही गाईला कळतो. गाई मशीन लावताना पाय झाडतात, पाणी पिताना जीभ मागे घेतात, पान्हा चोरतात, आणि दोष गड्यावर जातो.

धुणं

४५ मीटरचा दोन इंची पाइप म्हणजे आतून जवळपास सात चौरस मीटर स्टील, आणि त्याची पोकळी ८० लिटरच्या वर. ते सगळं दिवसातून दोनदा धुवायचं, आणि हात आत जात नाही. म्हणून पाण्यात मधे मधे हवा सोडतात. हवेच्या रेट्याने पाण्याचा गोळा पाइपाच्या छताला घासत फिरतो. हवा सोडणारा इंजेक्टर नसेल, तर पाणी तळातून नुसतं वाहतं आणि वरचा अर्धा पाइप तसाच राहतो. पंप मोठा लागतो तो याच कामासाठी.

धार संपली की लगेच, दूध वाळायच्या आत, ३८ ते ४३ अंश कोमट पाण्याने खळबळून ते पाणी सोडून द्या. हे पाणी फिरवत बसायचं नाही. थंड पाण्याने फॅट गोठतं, कढत पाण्याने प्रथिनं पाइपाला चिकटतात. मग अल्कली डिटर्जंट, सुरुवातीला ७० ते ७४ अंश, पाच ते दहा मिनिटं. परत येणारं पाणी ५० अंशांच्या खाली जायच्या आत थांबवून सोडून द्या, नाहीतर निघालेलं फॅट पुन्हा बसतं. हात घालून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर घ्या. सोलर हीटर लावलेला असेल तर संध्याकाळी पाणी बरं मिळतं, पहाटे मिळत नाही, तेव्हा विजेचा जोड-हीटर लागतोच.

शेवटी ॲसिड. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार पाहता हा भाग ऐच्छिक समजू नका. पाण्याची एकदा तपासणी करा आणि जडपणानुसार डिटर्जंटचं प्रमाण कंपनीकडून लिहून घ्या. पाकिटावरचं प्रमाण मऊ पाण्याचं असू शकतं. अल्कली डिटर्जंटमध्ये क्लोरीन असतं. ते आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, एका मापाने लगेच दुसरं मोजू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो. डबे वेगवेगळ्या फळीवर, वेगळ्या रंगाच्या मापांसह ठेवा.

दर महिन्याला उंच बिंदूजवळचं एक युनियन उघडा आणि आत टॉर्च मारा. स्टील कोरडं, चकाकतं असेल तर ठीक. थेंब थेंब उभे राहत असतील, बोटाला ओशट लागत असेल, तर फॅट राहतंय, म्हणजे पाणी गार आहे किंवा डिटर्जंट कमी. निळसर, इंद्रधनुषी झाक दिसली तर प्रथिनांचा थर. पांढरा खडूसारखा खरबरीत थर असेल तर क्षार, ॲसिड वाढवा.

आणि डिग्रीचा विषय. धुण्याचं पाणी पाइपात कुठे साचलेलं राहिलं, तर ते पहिल्या दुधाबरोबर कॅनमध्ये येतं. संकलन केंद्रावर डिग्री कमी लागते, एसएनएफ ८.५ च्या खाली जातो आणि दर तुटतो, वर पाणी घातल्याचा संशय येतो तो वेगळाच. धार सुरू करण्याआधी दोन-तीन मिनिटं नुसता व्हॅक्यूम चालवा, रिसीव्हरचा तळ उघडून निथळू द्या, मग दूध घ्या. उतार नीट असेल तर एवढ्याने भागतं.

धार काढताना

पहिल्या दोन-चार धारा काळ्या कपात काढून पाहा, सड धुवा, पुसा. कासेला हात लागल्यापासून साठ ते नव्वद सेकंदांत मशीन लावा. पान्ह्याचा जोर पाच-सात मिनिटं असतो. तो वाया घालवून नंतर मशीनला लोंबकळत, वर दगड टांगून दूध ओढण्यात अर्थ नाही. काढताना आधी व्हॅक्यूम बंद, मग क्लस्टर.

अँटिबायोटिक दिलेल्या आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध पाइपात जाऊ द्यायचं नाही. त्यांच्यासाठी बकेटचं एक युनिट वेगळं ठेवा, अशा गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधा, आणि तिला शेवटी घ्या. बादलीच्या काळात चूक एका कॅनपुरती होती, आता ती सगळ्या दुधाची होते. पाइपलाइन झाली की प्रत्येक गाईचं दूध डोळ्यांना दिसायचंही बंद होतं, तेव्हा महिन्यातून एक दिवस सगळ्या गाई बकेटवर घेऊन वजन करा. गाळणीचा मोजा मिल्क पंपाच्या पुढे, दर धारेला नवा. त्यावर गाठी दिसल्या तर कुठल्यातरी गाईला दगडी लागायची सुरुवात आहे.

लायनर २,५०० धारांना किंवा सहा महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा. २४ गाई, दोन वेळा, म्हणजे ४८ धारा. तीन युनिटांवर प्रत्येकी १६, म्हणजे १५६ दिवसांत लायनर संपलं. फाटलेलं दिसत नाही म्हणून वर्षभर चालवलेलं रबर सैल पडतं, दूध उशिरा निघतं, आणि त्याची किंमत लायनरच्या किमतीहून जास्त होते.

ताबा घेताना

शेवटचा हप्ता हातात ठेवून तीन गोष्टी स्वतः करून घ्या. व्हॅक्यूम बंद ठेवून उंच बिंदूजवळच्या युनियनमधून एका बाजूला दहा लिटर पाणी ओता आणि पाच मिनिटांनी रिसीव्हरमधून निघालेलं मोजा. लिटरभर कमी भरलं तर पाइपाने कुठेतरी पोट काढलं आहे, ते शोधायला लावा. मग दुसऱ्या बाजूला तेच. त्यानंतर सगळी युनिटं चालू करून एक क्लस्टर मुद्दाम हवेत उघडं धरा. रिसीव्हरपाशी व्हॅक्यूम २ किलोपास्कलपेक्षा जास्त पडता कामा नये. पडला, तर पंप अपुरा आहे, हवेची लाइन बारीक आहे किंवा रेग्युलेटर चुकीच्या जागी आहे. तिसरं, पूर्ण धुणं त्यांच्याच माणसाकडून एकदा करून घ्या आणि परतीच्या पाण्याचं तापमान तुम्ही मोजा.

हे आकडे वहीत लिहून फिटरची सही घ्या. दर सहा महिन्यांनी तपासणीला येणारा माणूस कुठल्या गावाहून येतो आणि फोन केल्यावर किती तासांत पोचतो, हेही त्याच पानावर लिहा. एक जादा पल्सेटर, लायनरचा एक पूर्ण संच, पंपाचा बेल्ट, पंपाच्या तेलाचा डबा, क्लॉचे रबर वॉशर आणि दुधाच्या नळीचा दहा फुटांचा तुकडा एवढं सामान पहिल्या दिवसापासून खोलीत असू द्या.